खंडेनवमीचा लॅपटॉप

इक्बाल नदाफने लॅपटॉप फरशीवर ठेवला आणि कडेला एक बोट लावून हलकेच ढकलला. लॅपटॉप गोल फिरला. पुरती एक फेरी मारून, जरासा डुलून, माझ्याकडे तोंड करून थांबला.

"बघितलं काय?" इक्बाल म्हणाला. "सपाट वस्तू अशी फिरती काय कधी? पोट आलंय ह्याला."

"माणसाला येतंय, यंत्राला आलं म्हणून काय बिघडलं?" मामा हसले. मामा म्हणजे माझे सासरे, राजेशम बोद्दुल.

"हसू नका शेठ. आतली बॅटरी फुगलीय. हे फुटतंय. कधी फुटंल, ते मी नाय सांगू शकत. आज, नायतर सहा महिन्यांनी."

सोलापुरात मामांच्या घरामागच्या शेडमध्ये मामा, मी आणि कॉम्प्युटर दुरुस्तीवाला इक्बाल असे तिघंच उभे होतो. खंडेनवमीची सकाळ होती. चारही माग रात्रीच बंद केले होते आणि धुऊनपुसून ठेवले होते. लग्नाला चार महिने झाले होते आणि जावई म्हणून माझा हा पहिलाच दसरा. घरात सगळे तेलुगू बोलायचे, पण पुण्यात वाढल्यामुळे माझी तेलुगू अगदीच मोडकी, म्हणून मी दिसलो की सगळं घर एकदम मराठीवर यायचं. अगदी चार वर्षांचं पोरसुद्धा. इतका मान मला त्याआधी कुणी दिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मी अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो होतो.

तो लॅपटॉप नऊ वर्षांचा होता. मामा चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने काढायचे आणि मग या लॅपटॉपमध्ये भरायचे. लॅपटॉपला जोडलेलं एक यंत्र त्या नक्षीप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायचं, आणि ती भोकं वाचून माग चादर विणायचा. सहाशे चाळीस नक्ष्या होत्या त्यात. ते सॉफ्टवेअर बनवणारा माणूस धंदा गुंडाळून कधीच गेला होता आणि दुसऱ्या कुठल्याही लॅपटॉपवर ते चालत नव्हतं. थोडक्यात, या एका डबड्यावर चार माग आणि एक घर चाललं होतं.

"दोन दिवस द्या," इक्बाल म्हणाला. "सगळ्या नक्ष्या बाहेर काढून देतो."

"दोन दिवस कुठनं आणू? वरंगलची तीनशे चादरींची ऑर्डर हाय. परवा सकाळी पट्ट्या पाडायला घ्यायच्यात."

"मग निदान बॅटरी तरी काढू द्या. अर्ध्या तासाचं काम हाय. नुसत्या चार्जरवर चालंल."

"आणि लाईट गेली म्हणजे? पट्टी अर्ध्यात बाद. दिवसातनं चार वेळा जाती इथं लाईट." मामांनी घड्याळाकडे पाहिलं. पूजेचा मुहूर्त जवळ आला होता. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुठल्याच अवजाराला हात लावायचा नाही, हा त्या घरचा नेम. मग ते माझ्याकडे वळले. "जावईबापू, तुमी कॉम्प्युटरमधले. तुमी सांगा. चालंल का हे?"

मी कॉम्प्युटरमधला होतो, म्हणजे पुण्यात एका कंपनीत बिलांच्या सॉफ्टवेअरची बेरीज बरोबर येते की नाही ते तपासत होतो. लॅपटॉपचं पोट मी आयुष्यात उघडून पाहिलं नव्हतं. मी वाकलो आणि उगाच गंभीर चेहरा करून कीबोर्डवर तळवा ठेवला. मधल्या ओळी वर आल्या होत्या. हाताला ऊब लागली, आणि ती मला आवडली नाही. "मला यातलं कळत नाही" एवढी चार शब्दांची गोष्ट होती. पण ते दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"चालेल," मी म्हणालो. "जुन्या लॅपटॉपचं होतं असं थोडंफार. दुकानवाल्यांना काय, बॅटरी खपवायची असते."

इक्बाल रागावला नाही. "साहेब, गरम लागलं ना हाताला?"

"चालू आहे म्हटल्यावर गरम होणारच. वर थोडं वजन ठेवा मामा, बसेल खाली."

"वजन?" इक्बालने माझ्याकडे नीट पाहिलं. "फुगलेली पुरी दाबली तर वाफ कुठनं तरी बाहेर येतीच की साहेब."

"इक्बाल," मामा शांतपणे म्हणाले, "जावई बोललेत."

विषय तिथेच संपला. इक्बालने पेचकस पिशवीत टाकला आणि चहा न घेताच निघाला. दारातून एवढंच म्हणाला, "चार्जर तरी काढून ठेवा शेठ. नुसतं पडू दे त्याला."

चार्जर काढायला हवा, एवढं मलाही कळलं होतं. पण मामा म्हणाले, "पूजेत यंत्र जागं पाहिजे. चार्जर काढला की पाच मिनिटांत पडदा झोपतोय ह्याचा." मी मान डोलावली.

पूजा शेडमध्येच झाली. मागांना झेंडूच्या माळा घातल्या, कात्री आणि धोटे हळदीकुंकू लावून पाटावर मांडले. मधोमध जाड चादरीची चौपदरी घडी घालून तिच्यावर लॅपटॉप बसवला. पडद्यावर मामांची हत्तींची नक्षी उघडी ठेवली होती. कीबोर्डवर मागाचं एक लोखंडी वजन लाल फडक्यात गुंडाळून ठेवलं. ते मामांनी माझ्या सांगण्यावरून स्वतःच्या हाताने ठेवलं आणि वर कुंकवाचं बोट ओढलं. मग त्यांनी कोहळा कापला, आत मूठभर कुंकू भरलं आणि उंबऱ्यावर आपटून फोडला. लाल पाणी ओघळत माझ्या पायापर्यंत आलं.

"आता उद्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाय," मामा सगळ्यांना म्हणाले.

जेवायला मला मधल्या पाटावर बसवलं. जावयाला तूप सासऱ्याने आपल्या हाताने वाढायचं, अशी त्या घरची रीत. मामा उजव्या हातात तुपाची लोटी घेऊन वाकले. लांब, सडक बोटं होती त्यांची, मधल्या बोटावर पेन्सिलीने पडलेला घट्टा. पुरणपोळीवर धार धरली ती मी "पुरे, पुरे" म्हणेपर्यंत थांबली नाही, आणि म्हटल्यावरही थांबली नाही.

"इक्बालभाई काय म्हणत होता सकाळी?" सासूबाईंनी विचारलं.

"काय नाय. जुनं झालंय म्हणत होता," मामा म्हणाले. "जावईबापूंनी बघितलंय."

शिरीषाने, माझ्या बायकोने, पदराआडून माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात किती कौतुक होतं! मी आणखी एक पोळी घेतली.

एवढ्यात माझी मेव्हणी सौजन्या शेडकडून आत आली. नाक वर करून वास घेत होती. "दाजी, तुम्ही नेलपॉलिश लावलंय काय?"

"मी कशाला लावू?"

"मग शेडमध्ये गोडगोड वास कसला येतोय? नेलपॉलिशच्या बाटलीसारखा."

"झेंडू असेल," शिरीषा म्हणाली.

"झेंडूला असला वास?" सौजन्या हसली. "दाजींच्या कंपनीतला झेंडू असंल."

सगळे हसले, मीही हसलो. हात धुण्याचं निमित्त करून मी शेडमध्ये गेलो. बंद मागांमुळे तिथे इतकी शांतता होती की भिंतीवरच्या पालीचा आवाज ऐकू यायचा. वास खराच गोड होता, घशाला चिकटणारा. लाल फडक्यातलं वजन कीबोर्डवरून घसरून चादरीवर आडवं पडलं होतं. सकाळी थोड्या वर आलेल्या ओळी आता भाकरीसारख्या टम्म फुगल्या होत्या आणि त्यांच्या कडेने प्लास्टिकला चीर गेली होती. पडद्यावरचे हत्ती मधूनच थरथरत होते.

भोवताली सूतच सूत. भिंतीला टेकलेल्या लडी, छपराच्या वाशांवर, जळमटांवर, मागांच्या पायांत कापसाची भुकटी. आणि घराच्या माडीवर जायचा जिना याच शेडमधून होता. त्या वेळी हे सगळं मला स्पष्ट दिसलं. दिसलं नाही, असं मी आजही म्हणू शकत नाही.

चार्जरचं बटण भिंतीवर होतं. ते काही पूजेतलं अवजार नव्हतं. नुसतं खाली दाबायचं. मी हात पुढे केला.

"दाजी!" मागून सौजन्या ओरडली. "हात लावायचा नाय आज!"

मी हात मागे घेतला. तिच्यामुळे घेतला असं सांगायला सोपं आहे, पण ते खोटं आहे. बटण दाबलं असतं तर सगळ्यांनी कारण विचारलं असतं, आणि मग इक्बाल बरोबर होता हे माझ्याच तोंडाने सांगावं लागलं असतं. चार महिन्यांच्या जावयाला ते झेपण्यासारखं नव्हतं.

"बघत होतो फक्त," मी म्हणालो. "मस्त चाललंय."

जेवणं आटोपली. सासूबाई आणि सौजन्या माडीवर जाऊन पडल्या. शिरीषा स्वयंपाकघरात आवराआवर करत होती. मामा शेडच्या बाहेर कट्ट्यावर बसून डुलकी काढत होते. मी ओसरीवरच्या खाटेवर डोळे मिटून पडलो होतो आणि कान शेडकडे लावले होते. साडेतीन वाजले. काही झालं नाही. उद्या सकाळी इक्बालला गुपचूप फोन करायचा, बॅटरी काढून घ्यायची आणि सगळं माझ्याच कल्पनेतून केल्यासारखं दाखवायचं, अशी मी योजना करत होतो. त्या योजनेवर मी खूषही होतो.

मग आवाज आला. फोडणीत मोहरी टाकल्यावर येतो तसा तडतडीचा, आणि पाठोपाठ कुकरची शिटी अडकल्यासारखा लांब फुसकारा.

दारात आधी मी पोचलो. पांढरा धूर जमिनीलगत पसरत होता. लॅपटॉपच्या पोटातून एक निळसर जीभ बाहेर आली, आत गेली आणि पुन्हा बाहेर आली. झेंडूच्या पाकळ्या काळ्या पडून आक्रसत होत्या. चादरीची एक कड पेटली होती.

"पाणी!" मी ओरडलो. "पाणी आणा!"

"वद्दु!" मामा माझ्या मागून गरजले. नको! त्या घरात कुणी माझ्याशी तेलुगूत बोलण्याची ती पहिलीच वेळ. "लाईट चालू हाय त्यात!"

मी दारातच उभा राहिलो. मामांनी मला खांद्याला धरून बाजूला केलं आणि आत गेले. त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. मग लॅपटॉपसमोर उभं राहून दोन्ही हात जोडले. नवमीच्या दिवशी अवजाराला हात लावायचा होता, त्याची माफी मागितली. किती वेळ गेला असेल त्यात? एखादा श्वास. तेवढ्यात ज्वाळा कमरेइतकी झाली.

वर जिन्यात सौजन्याची किंकाळी ऐकू आली.

मामांनी खाली वाकून चादरीसकट लॅपटॉप उचलला. डावा हात कडेला होता, उजवा बरोबर खाली, जिथून आग येत होती तिथे. सुताच्या लडींमधून बारा पावलं चालत ते अंगणात आले. धावले नाहीत, कारण धावले असते तर ठिणग्या उडाल्या असत्या. मी दारात होतो म्हणून जाताना म्हणाले, "सरका, जावईबापू." मी सरकलो. मोकळ्या मातीत त्यांनी तो खाली ठेवला, आणि मग तो दोनदा फुटला.

शेड वाचली. माडीवरच्या दोघी वाचल्या. मामा आपला उजवा हात डाव्या हाताने मनगटाशी धरून अंगणात उभे होते आणि त्या हाताकडे बघत होते, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

दवाखान्यात संध्याकाळपर्यंत सगळं गणगोत जमलं. मामांचे थोरले भाऊ नरसिमलू तोंडाचे फटकळ. पट्ट्या बांधून मामांना खाटेवर आणल्याबरोबर त्यांनी सुरुवात केली.

"सकाळी इक्बालनं सांगितलं होतं म्हणं, हे फुटतंय म्हणून. मग चालू ठेवा म्हणलं कोण?"

इक्बाल भिंतीला टेकून उभा होता. बातमी कळताच दुकान उघडं टाकून आला होता. शिरीषा, सौजन्या, सासूबाई, सगळ्या मामांकडे बघत होत्या. मी तोंड उघडलं. हे खरं आहे, मी तोंड उघडलं होतं. पण काय बोलणार होतो ते मला आजतागायत माहीत नाही, कारण माझ्या आधी मामा बोलले.

"जावईबापूंनी सकाळीच सांगितलं होतं, बॅटरी काढा, बंद ठेवा म्हणून. मीच ऐकलं नाय. ऑर्डरीचा लोभ."

"खरं?" नरसिमलूंनी इक्बालला विचारलं. "तू होतास ना तिथं?"

इक्बालने माझ्याकडे पाहिलं. सकाळी लॅपटॉपवर हात ठेवून मी गंभीर चेहरा केला होता, तोच चेहरा तो आता शोधत असावा. मला वाटलं, बोल. बोलून टाक एकदा. आणि त्याच वेळी वाटत होतं की नको, देवा, बोलू नको.

मामांनी डाव्या हाताने खाटेची दांडी एकदा हलकेच वाजवली.

"व्हय," इक्बाल म्हणाला. "साहेब म्हणले होते."

शिरीषा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि सगळ्यांसमोर तिने माझा हात धरला. नरसिमलू धाकट्या भावाला बोलायला लागले. शिकलेल्या माणसाचं ऐकायचं नाही, तर पोरगी कशाला दिली त्याला, असं काय काय बोलले. मामा खाली मान घालून ऐकत होते. माझ्या वाट्याची बोलणी ते खात होते आणि मी तिथेच उभा होतो.

मामांच्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटली, ती पुढे दोन वेळा शस्त्रक्रिया करूनही सुटी झाली नाहीत. सहाशे चाळीस नक्ष्या अंगणातच जळून गेल्या होत्या. जुने कागद शोधून तीसपस्तीस सापडल्या. पण नवी नक्षी काढायला पेन्सिल धरता येईना. वरंगलची ऑर्डर गेली, आणि संक्रांतीपर्यंत चारातले दोन माग विकले.

मी पुण्याहून दर आठवड्याला फोन करायचो. "मामा, मला तुमच्याशी जरा बोलायचंय," असं तीनदा म्हणालो. तिन्ही वेळा ते म्हणाले, "तब्येत सांभाळा जावईबापू. शिरीषाला द्या फोन."

पुढच्या खंडेनवमीला आम्ही पुन्हा सोलापूरला गेलो. दोनच माग, दोनच माळा. मामांनी कुणाचा तरी वापरलेला लॅपटॉप घेतला होता. इक्बालने कसल्याशा खटपटी करून त्यावर काम चालू करून दिलं होतं आणि तोही पूजेला आला होता. शेजारपाजारच्या बायका होत्या, नरसिमलू होते. सगळे जमल्यावर मामा लॅपटॉप छातीशी धरून माझ्यासमोर आले. उजवा हात उपरण्याखाली झाकलेला होता.

"जावईबापू," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा की जरा. चालंल का हे?"

ते टोमणा मारत नव्हते. वर्षभर मी त्यांच्या तोंडात एखादा टोमणा शोधत होतो, तो मिळाला असता तर बरं झालं असतं. त्यांना फक्त चारचौघांत माझा मान जागच्या जागी ठेवायचा होता.

"मला यातलं कळत नाही मामा," मी म्हणालो. "इक्बालभाईंना विचारा."

आता विचारा कुणीतरी, असं मला वाटलं. विचारा की मग गेल्या वर्षी कसं कळत होतं. मी सगळं सांगितलं असतं त्या वेळी. शपथेवर सांगितलं असतं.

"बघितलंत?" शिरीषा शेजारणीला म्हणाली, आणि तिचा आवाज अभिमानाने भरला होता. "किती जपून बोलतात. येत असून सांगतात, मला कळत नाही. गेल्या वर्षी यांचं ऐकलं असतं तर..."

इक्बालने लॅपटॉप उलटा करून तळ पाहिला, सरळ करून फरशीवर ठेवला आणि एक बोट लावून ढकलला. तो जागचा हलला नाही.

"चालंल," इक्बाल म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

त्याला आता चौदा वर्षं झाली. शिरीषाला मी अजून सांगितलेलं नाही. मामा गेले, इक्बालने दुकान मुलाकडे दिलं, आणि पुण्यात आमच्या सोसायटीत कुणाचा लॅपटॉप जुना झाला की ती त्यांना हौसेने माझ्याकडे पाठवते. मी न बघताच सांगतो, वापरू नका.

त्या दिवशी मात्र पुढे जेवायला बसायचं होतं. मला मधल्याच पाटावर बसवलं. पुरणपोळी वाढून झाली आणि मामा तुपाची लोटी घेऊन आले. पानापाशी आल्यावर थांबले. उपरण्याखालून उजवा हात अर्धा बाहेर काढला, लोटीच्या कानाला लावून पाहिला. लोटी निसटायला लागली. सासूबाई पुढे झाल्या, त्यांना त्यांनी मानेनेच नको म्हटलं, आणि लोटी दुसऱ्या हातात घेतली.

"डाव्या हातानं वाढतोय, जावईबापू," ते वाकून म्हणाले. "राग मानू नका."

मी ताट पुढे सरकवलं.